घरघंटीची लाइन

सुनंदाबाईंच्या ऑक्सिजन मशीनसाठी वेगळी लाइन हवी होती. महांतेश इलेक्ट्रिशियननं एमसीबीची पेटी उघडली. एकही जागा रिकामी नव्हती.

"एक कुठलं तरी काढायला लागतंय, सर."

"एसी काढा," सुनंदाबाईंचे पती पुरुषोत्तम म्हणाले.

"आणि रात्रभर घामाघूम होऊन माझ्यावर चिडचिड करा! घरघंटीची काढा," पलंगावरून सुनंदाबाई धापा टाकत म्हणाल्या. "मला आता कुठं दळायला होतंय?"

पुरुषोत्तम महांतेशजवळ सरकून हळूच म्हणाले, "वायर कापू नका. सुनंदा बरी झाली की परत जोडायची आहे."

सुनंदाबाईंना ते ऐकू गेलं.

"हो महांतेशअण्णा, कापू नकाच. मशीनची जागा लवकरच रिकामी होईल, तेव्हा घरघंटी जोडून द्या. यांना विकतचं पीठ चालत नाही."