शेवटचा नंबर

तळ्याभोवती पळणाऱ्यांत कवळीमावशी आजही सगळ्यांच्या मागे होत्या, आणि तो मागचा नंबर राखायला त्यांना बरीच मेहनत घ्यावी लागत होती. पाय ऐकत नव्हते. सुरुवातीला पहिल्या बाकापर्यंत पोचतानाच जीव मेटाकुटीला यायचा. आता पाय आपोआप पुढे धावायला बघत. मावशी त्यांना दटावून मागे ठेवत.

कारण साधं होतं. नवशिक्यांच्या या गटाचा नियमच होता, शेवटच्या माणसाला एकटं सोडायचं नाही. त्याच्याबरोबर सिस्टर पळायची. ही पोरगी हॉस्पिटलात नर्स होती, म्हणून सगळे तिला सिस्टर म्हणत. पळता पळता ती सारखी म्हणायची, "बोला मावशी, काहीतरी बोला. बोलता येतंय म्हणजे वेग बरोबर आहे."

बोला! मावशींना असं दुसरं कोण म्हणणार होतं? त्या कवळ्या बनवायच्या. दातांच्या दवाखान्यातून साचे यायचे आणि घरातल्या मागच्या खोलीत त्या दिवसभर मेण लावत, दात बसवत, घासून चकचकीत करत. टेबलावर माणसांची तोंडंच तोंडं, पण एकानं चकार शब्द काढला असेल तर शपथ. भावाचा फोन यायचा, तोही "बरी आहेस ना? बरं, ठेवतो" एवढ्यावर आटपायचा. म्हणून रविवारच्या या फेरीसाठी मावशी आठवडाभर बोलण्याजोगं साठवून ठेवत.

आजचा माल तर एकदम फर्मास होता. एका आजोबांनी नवीकोरी कवळी परत पाठवली होती. दात फार सरळ झालेत म्हणे. पुढचा एक वाकडा करून द्या, नातू जवळ येत नाही.

"अगं सिस्टर, काय झालं माहितेय—"

"एक मिनिट हं, मावशी." सिस्टर मागे वळली.

मावशींच्याही मागे आता एक नवा गडी पडला होता. बेकरीवाला, आज पहिल्यांदाच आलेला. अंगानं मावशींच्या दुप्पट, तोंड लालबुंद, आणि पळणं असं की एखादा म्हातारा चालत शेजारून निघून जावा. मावशी चाट पडल्या. इतके दिवस कष्टानं सांभाळलेली जागा या माणसानं काहीएक न करता पटकावली होती.

"तुम्ही व्हा पुढे, मावशी," सिस्टर कौतुकानं म्हणाली. "मस्त जमतंय की आता तुम्हाला. माझी काही गरज नाही."

मावशी हसल्या. हसतील नाहीतर काय करतील?

पुढे गप्पा मारत चाललेला घोळका, मागे ती दोघं आणि मध्ये मावशी एकट्या. पुढच्यांना गाठण्याइतका दम त्यांच्यात होता, पण गाठून करायचं काय? तिथं ज्याच्या त्याच्या जोड्या कधीच जमल्या होत्या. मागून आवाज येत राहिला.

"बोला दादा, काहीतरी बोला. बोलता येतंय म्हणजे वेग बरोबर आहे."

"काय बोलू ताई... श्वास पुरेना. काल... सगळे पाव करपले माझे."

"अय्या, खरंच? मग?"

तोच "अय्या, खरंच?" आणि तोच "मग?" पाठोपाठचं खुदकन हसणंही तेच. मावशींना आजवर वाटत होतं, ते हसू आपल्या गोष्टींचं आहे. पोरगी आपलं काम करतेय, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, हे त्यांना कळत होतं. तरी फार लागलं.

मावशींनी वेग कमी केला. दम संपल्यामुळे बेकरीवाल्यानंही केला. मावशी आणखी हळू झाल्या. तो जवळजवळ थांबलाच. हळू पळण्याची अशी चुरस त्या तळ्याकाठी कधी झाली नसेल, आणि मावशी तीही हरत होत्या. शेवटी त्या मटकन बाकावर बसल्या आणि त्यांनी गुडघा धरला.

"आई गं!"

सिस्टर धावत आली. बेकरीवाल्याला तिनं हातानंच चालत राहायची खूण केली, मावशींसमोर उकिडवी बसली आणि गुडघ्याची वाटी दाबून पाहू लागली. तिचे हात गरम होते. आपल्याला कुणाचा हात लागून किती दिवस झाले, हे मावशींना आठवेना.

"इथं दुखतंय? की इथं?"

"हो, तिथंच." मावशींना हुरूप आला. "अगं, ती गंमत सांगायची राहिलीच. एक आजोबा आहेत, त्यांनी—"

"मावशी, आता बोलू नका. पाय सैल सोडा."

मावशींनी पाय सैल सोडला. सिस्टरनं पाय वाकवून पाहिला, सरळ करून पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या.

"सूज नाही. पण गुडघ्याशी खेळ नको. महिनाभर पळणं बंद. घरी बसून आराम करायचा."

"एवढं काही नाही गं. थांबलं बघ दुखायचं."

"सगळे असंच म्हणतात." सिस्टर उठली. "तुमच्या भल्यासाठीच सांगतेय ना? जाल नीट? की घरून कुणाला बोलावू?"

"छे गं, जाईन की. हे काय, इथंच तर आहे घर."

सिस्टर बेकरीवाल्याच्या मागे पळत गेली. मावशी लंगडत निघाल्या. सिस्टरनं एकदा वळून हात केला. मावशींनीही केला आणि त्या जरा जास्तच लंगडल्या.

चौकापाशी आल्यावर त्यांना शंका आली. आपण धरला तो गुडघा उजवा, की डावा? त्यांनी मागे वळून पाहिलं. तळ्याकाठचा रस्ता रिकामा होता, बघणारं कुणीच नव्हतं.

मग मावशी सरळ चालत घरी गेल्या.