वहीतलं पिठलं

"पुढचं वाच," चांगुणाबाईने सुनेला फर्मावलं.

डोंगरधारेवरून पाच दिवस चालत येणारे लोक शेवटचा मुक्काम तिच्या पडवीत करत आणि निघताना या वहीत अभिप्राय लिहून जात. सून चाचरत वाचू लागली, "अख्ख्या वाटेत लक्षात राहिलं ते खिंडीतल्या ठकूबाईंच्या हातचं पिठलं!" सलग सातवं पान तेच म्हणत होतं.

चांगुणाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. वही माझी, पडवी माझी, कोंबडं कापलं मी, आणि गोडवे त्या ठकीचे! ती पिठल्यात घालते तरी काय, ते बघायला चांगुणाबाई दुसऱ्या दिवशी अडीच तासांचा उभा चढ चढून खिंडीत गेली.

पिठलं साधंच होतं. तरी तिने बोटं चाटत तीन भाकऱ्या संपवल्या आणि स्वतःवरच चिडून विचारलं, "काय घालतेस गं यात?"

"मी काय घालणार?" ठकूबाई हसली. "भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा. चढून दमलेल्याला काहीही गोड लागतं. तुझ्याकडे मात्र माणसं इथून तासाभरात उतरतात. पोट भरलेलंच असतं."

चांगुणाबाई तरातरा घरी आली. वाटाड्याचं काम करणारा नवरा दारातच बसला होता.

"अहो, उद्या खिंडीतून माणसं आणताना त्यांना देवीच्या सुळक्याला पाच प्रदक्षिणा घालायला लावा," ती म्हणाली. "त्याशिवाय गावात पाऊल ठेवायचं नाही, म्हणावं. फार जुनी रीत आहे."