उस्तादाची झोप

टिकाराम मेश्रामनं लाल गाडीभोवती तिसरी चक्कर मारली आणि वाकून मागचे दोन्ही सायलेन्सर पाहिले.

"इंजिन एक अन् नळकांडे दोन. काहून?"

"काका, स्पोर्टी लुक है," पवन म्हणाला. बालाघाटला वारासिवनी रोडवर त्याचं जुन्या गाड्यांचं दुकान. गिऱ्हाईक ओळखण्यात पटाईत माणूस, म्हणून बोलत होता टिकारामशी आणि पाहत होता त्याच्या पोरीकडे.

पोरगी, म्हणजे दीप्ती, गाडीच्या टपावर हात ठेवून उभी होती, जणू कोणी पळवूनच नेणार होतं. अठरा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते, लायसन्स पर्समध्ये होतं. बारावीत चांगली पास झालीस तर तुझ्या पसंतीची गाडी, असं बापानंच कबूल केलं होतं. तेव्हा रिटायर व्हायला वर्ष बाकी होतं, कबूल करायला काय जातं! आता तो खाणीतून रिटायर झाला होता आणि पोरगी फर्स्ट डिव्हिजननं पास झाली होती. उकव्याच्या घरून रोज बालाघाटला कॉलेजला यायचं, मध्ये घाट. गाडी हवी यात वाद नव्हता. वाद होता तो या गाडीच्या बुटकेपणाचा आणि स्टेअरिंगजवळच्या एका बटणाचा. त्यावर 'स्पोर्ट' लिहिलं होतं. ते दाबलं की गाडी शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी उसळते, हे पवननं मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. तिथंच त्याची चूक झाली.

"थे पांढरी पाह्य," टिकारामनं कोपऱ्यातल्या उंच, चौकोनी गाडीकडे बोट केलं. "मानसानं बसाव अशी हाय."

"थे तर शाळेची व्हॅन वाटून राह्यली, बाबा. तुमीच म्हनलं होतं ना, पसंद माही."

"म्हनलं होतं. मले काय मालूम, तुही पसंद जमिनीले घासत चालन!"

दीप्तीची आई सरिता इतका वेळ खुर्चीत बसून पवनचा चहा पीत होती. तिनं कप खाली ठेवला. "अवो, चारले उठून पहिल्या बसनं आलो, ते काय गाडीले फेरे माराले? चालवू द्या तिले. मंग नाही म्हना."

टिकारामनं मान हलवली. "चाल. घाटापर्यंत. पन मी बाजूले बसतो, अन् खानीवरचा कायदा लागू."

दीप्तीचं तोंड उतरलं. हा कायदा ती लहानपणापासून ऐकत आली होती. डंपरवाल्यांचा आपापसातला कायदा, कागदावर कुठंच नाही. नव्या ड्रायव्हरशेजारी जुना उस्ताद बसायचा. भरलेला डंपर, उताराचा रस्ता. उस्तादाला झोप लागली तर पोरगा पास, नाही लागली तर पुन्हा सहा महिने क्लीनर. तीस वर्षांत उस्ताद टिकारामच्या शेजारी छप्पन जण बसले. तो झोपला फक्त चौघांच्या वेळी.

पवननं टिकारामचं आधार कार्ड ठेवून घेतलं आणि चावी दिली. सरिता मागं बसली.

भरवेली गाव मागे पडलं, घाट लागला. दीप्तीनं ते बटण दाबलं. दाबणारच होती. गाडी उसळली, झाडं मागं पळू लागली. टिकाराम दोन वळणं समोर पाहत राहिला, मग त्यानं मान सीटला टेकवली, डोळे मिटले आणि थोड्याच वेळात घोरू लागला.

"मम्मी!" दीप्ती ओरडलीच. "बाबा सो गये! मी पास!"

"हौ," सरिता म्हणाली आणि तिनं पदर तोंडाला लावला. बावीस वर्षांच्या संसारात हा माणूस एकदाही घोरला नव्हता. झोपला की मेल्यासारखा गप्प पडायचा. लग्नानंतर पहिले काही महिने ती नाकापाशी बोट धरून पाहायची.

आनंदात दीप्तीनं पुढचं वळण जरा जोरातच घेतलं. मग गिअर टाकताना तिची नजर खाली गेली. बापाचा उजवा पाय खालच्या मॅटवर घट्ट रोवलेला होता. वळण आलं की पाय दाबला जायचा, सरळ रस्ता आला की सुटायचा. त्या बाजूला ब्रेक नव्हता, नुसती मॅट होती. वर घोरणं जोरात चालू.

तिला हसू आलं आणि लगेच रडू आलं. तिनं ते बटण बंद केलं. काटा चाळीसवर आणला. वळणाआधी हॉर्न दिला, समोरून बांबूचा ट्रक येत होता त्याला थांबून वाट दिली. घाट संपल्यावर तिनं गाडी वळवली आणि उतार उतरू लागली, भरलेला डंपर हाती असल्यासारखी.

पहिल्या वळणाला पाय दाबला गेला. दुसऱ्याला थोडासा. तिसऱ्याला चप्पल पायातून सुटली आणि तशीच पडून राहिली.

आणि घोरणं बंद झालं.

दीप्ती घाबरली. "बाबा?"

मागून सरितानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"उठवू नको वं माय. आता झोपले."