माझी जागा

सरांनी छडी खाली केली आणि अख्खा वाद्यवृंद थांबला. मोझार्टच्या या कॉन्चेर्टोत एवढी एकच जागा एकट्या पियानोची असते. तिथे मी मनाला येईल ते वाजवायचं आणि तोवर कंडक्टरने गप्प उभं राहायचं.

मी माझी धून वाजवली. शिकत असताना सरांना विश्वासाने ऐकवलेली. मध्यंतरानंतर तीच त्यांची नवी रचना म्हणून सादर होणार होती. सर घामाघूम झाले, पण मला थांबवणार कसे? शेवटच्या रांगेच्याही कानात बसेपर्यंत मी ती घोळवली.

मध्यंतरात ते दातओठ खात आले. "हे काय केलंस?"

"ती जागा माझी असते, सर. तुम्हीच शिकवलंत."

"आता दुसऱ्या भागात मी काय वाजवू?"

"पत्रिकेत छापलंय ते."

मग मी प्रेक्षकांत जाऊन बसले. सरांनी छडी उचलली, व्हायोलिनवर माझी धून सुरू झाली. शेजारच्या बाई कुजबुजल्या, "अगं, हे तर मघाशी तूच वाजवलंस."

"ऐका ना," मी म्हटलं. "पुढचंही माझंच आहे."