निषेधाचा ठराव

आष्टीहून येणारी जीप पेपर टाकून गेली तेव्हा आमच्या गावच्या सोसायटीची मासिक बैठक चालू होती. सेक्रेटरी पुंजारामनं बातमी मोठ्यानं वाचली. इराकच्या राष्ट्राध्यक्षाला शंभर टक्के मतं, विरोधात एकही नाही.

बावीस वर्षं बिनविरोध चेअरमन असलेल्या साहेबरावांनी चहाची बशी खाली ठेवली. "ह्याला काय निवडणूक म्हन्तेत? एवढ्या मोठ्या देशात एकाबी मानसाला उलटं बोलायची हिंमत न्हाई? पुंजाराम, निषेधाचा ठराव लिहा."

आम्ही संचालकांनी नेहमीसारख्या माना डोलावल्या.

तेवढ्यात आमच्यातलेच एक संचालक कडूबा उठले. एवढ्या वर्षांत बैठकीत त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. "माझा विरोध हाय," ते म्हणाले. "रब्बीच्या खताची गाडी अजून आली न्हाई, अन् आपुन इराकचं काय घेऊन बसलो? माझा विरोध लिहून घ्या."

साहेबराव कडूबांकडं बघून चक्क हसले. "बघा, ह्याला म्हन्तेत लोकशाही. लिहा पुंजाराम, कडूबांचा विरोध."

पुंजारामनं ठरावाचं रजिस्टर उघडलं, दोन-चार पानं उलटली आणि पेन खिशाला लावला.

"लिहिला असता साहेब, पण मार्चपर्यंतच्या समद्या पानांवर 'सर्वानुमते मंजूर' लिहून सह्या आधीच घेऊन ठेवल्यात. कडूबांची तर सगळ्यात वर हाय."