कुलपातली स्वच्छता

"बाई, एकदाच जाऊन येते ना!" नववीतली हेमांगी पोट दाबून कळवळली.

"मुळीच नाही. तपासणीच्या मॅडम येऊन गेल्या की जा. आत्ताच फिनेल टाकून चकाचक केलंय, तुम्ही वापरलंत की घाण होईल," बाईंनी सुनावलं.

मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं, किल्ली हेडसरांच्या खिशात होती आणि दारावर झेंडूचं तोरण होतं. कालपर्यंत त्या दाराला कडीसुद्धा नव्हती, आणि आतल्या वासाच्या धास्तीने मुली घरी जाईपर्यंत पाण्याचा घोट घेत नसत. हेमांगीला त्या वासापेक्षाही तोरणाची जास्त किळस आली.

परिपाठात बोधकथा सांगायची पाळी नेमकी तिची होती. मैदानात मॅडम खुर्चीवर बसल्या, तसं पाठ केलेलं ससा-कासव बाजूला सारून ती म्हणाली, "एका गावात नवं देऊळ बांधलं. भक्तांच्या पायांनी फरशी मळते म्हणून पुजाऱ्याने कुलूप घातलं. देव चकचकीत राहिला, भक्त बाहेर ताटकळले. तात्पर्य हेडसर सांगतील."

हेडसर खिसा चाचपत आभाळाकडे पाहू लागले.

"छान गोष्ट हं," म्हणत मॅडम उठल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, सकाळपासून प्रवासात आहे. टॉयलेट कुठंय?"

किल्ली निघाली. मॅडम निघाल्या. त्यांच्यामागे शाळेतल्या सगळ्या मुली एक हात अंतर ठेवून उभ्या राहिल्या. इतकी सरळ रांग पीटीच्या सरांना शिट्ट्या फुंकफुंकूनही कधी लावता आली नव्हती.