जपलेली बाहुली

२००६च्या मे महिन्यात कुमुदिनीबाई सोलापूरहून लेकीकडे चेन्नईला आल्या, त्या खोका मांडीवर घेऊनच. आत ऊर्मीच्या लहानपणची डोळे मिटणारी बाहुली होती. मामाने सिंगापूरहून आणलेली ती बाहुली तीस वर्षं काचेच्या कपाटात होती. पाहुण्यांना कौतुकाने दाखवायची, पण ऊर्मीने हात लावायचा नाही.

वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये ऊर्मीने घाईघाईने खोका उघडला, तर कुजक्या तेलासारखा दर्प आला. बाहुलीचं रबर पाझरून चिकट झालं होतं. केस गालाला चिकटले होते आणि त्यांत झुरळाची मेलेली पिल्लं होती. ऊर्मी केस सोडवायला गेली, तर गालाचा पापुद्राच तिच्या बोटांना लागून आला. तिने साबणाने तीनदा हात धुतले, तरी बोटं बुळबुळीतच लागत होती.

"इतकी जपली गं मी," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "तुझ्या हातात दिली असती, तर आठ दिवसांत मोडली असतीस."

"मोडली असती. पण खेळून मोडली असती, आई. आता ही घाण डोळ्यांसमोर नको मला."

ऊर्मीची सहा वर्षांची रम्या नाक दाबून सगळं बघत होती.



"आई, काकाने वाढदिवसाला दिलेली माझी बाहुली तू माळ्यावर ठेवलीयस ना, ती पण आता अशीच झाली असेल का गं?"